वाकड्या पान्याचा डूख

मला पाहून आधी हसून घ्या, मित्रांनो. सगळेच हसतात. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे आणि तोंड तिसरीकडेच वासलेलं. मी एक जुना पाना आहे. नट आवळायचा आणि ढिला करायचा, एवढंच माझं काम. त्यातही उभ्या जगातला एकच नट मला शोभतो. इतर पाने सरळ असतात आणि शंभर ठिकाणी राबतात. मी वाकडा आहे आणि एका जागेचा राजा आहे. हसून झालं असेल तर नीट ऐका. ही सुडाची गोष्ट आहे, आणि तो सूड मी घेतला आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, जीभ नाही. तरी घेतला.

एक लहानशी शिडाची होडी होती. एक डोलकाठी, एक शीड आणि दहा माणसं दाटीवाटीने बसली तर अकराव्याने पाय बाहेर सोडावेत एवढी जागा. डोलकाठी उभी राहावी म्हणून तिला तारांनी ताणून धरलं होतं. पुढची तार होडीच्या नाकावर येऊन एका लोखंडी पट्टीत अडकवलेली. त्या पट्टीचा बोल्ट फळीतून आत जायचा, आणि त्याचा नट आत, अगदी नाकाच्या शेंड्यात. दोन्ही बाजूंच्या फळ्या जिथे ओंजळीसारख्या मिटतात, तिथे. त्या जागी जायचं तर ताटाएवढ्या झाकणातून डोकं आधी घालायचं, पोटावर सरपटायचं, होडीच्या सांगाड्याच्या दोन बरगड्या ओलांडायच्या आणि मग हात कोपरात मोडून वर न्यायचा. सरळ पाना नेला की तो फळीवर आपटायचा, हात नेला की कोपर अडायचं, आणि डोकं नेलं की माणसाला केलेली सगळी पापं आठवायची.

ज्या म्हाताऱ्याने ती होडी बांधली, त्यानेच तो नट तिथे बसवला होता. तेव्हा नाकाच्या फळ्या लागायच्या होत्या, जागा ऐसपैस होती. फळ्या लागल्या आणि मग म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. होडी बांधताना सगळेच शहाणे असतात. किती शहाणे, ते दुरुस्तीच्या दिवशी कळतं.

मग त्याने मला भट्टीत घातलं. तोवर मीही चारचौघांसारखा सरळ होतो. लाल करून मान वाकवली, होडीत नेऊन पाहिलं, बसला नाही. परत भट्टी. कंबर वाकवली, बसला नाही. परत भट्टी. अकरा वेळा मी आगीतून निघालो. अकराव्या वेळी मी त्या नटावर असा बसलो, जसं बाळ आईच्या कडेवर बसतं. म्हाताऱ्याने माझ्या शेपटीला एक भोक पाडलं, त्यात दोरी ओवली आणि नियम घालून दिला, "आधी दोरी मनगटाला, मग हात आत. जिथे डोळा पोहोचत नाही तिथे हाताचा भरवसा धरू नये."

म्हाताऱ्याला दोन मुलं. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगी काटकुळी, पण हात असे लांब की काय सांगू! धक्क्यावर बसल्या बसल्या ती तिसऱ्या होडीतल्या चहाच्या किटलीवर झाकण ठेवायची. तुमचा विश्वास बसत नसेल तर दुसऱ्या होडीत म्हणा, त्याहून कमी मी करणार नाही. धाकट्याचे हात आखूड आणि मिशा लांब. होडी ती केवढी, पण हा स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचा. लोक आधी थट्टेने म्हणायचे, मग सवयीने म्हणू लागले.

म्हातारा थकला तेव्हा त्याने वाटणी केली. होडी धाकट्याला, पाना थोरलीला.

धाकट्याला हसू आवरेना. तो म्हणाला, "बाबा, ताईला नुसतं एक वाकडं लोखंड?"

"हस, हस," म्हातारा म्हणाला. "ज्याची होडी त्याच्याकडे पाना नाही, आणि जिचा पाना तिच्याकडे होडी नाही. वर्षातून एकदा तरी तुम्हाला एकमेकांचं तोंड पाहावं लागेल. मी नसलो तरी."

पुढे तो खरंच नसला. पण त्याचा डाव चालला. दरवर्षी होडी ओढून वाळूवर आणायचे. ताई लाल फडक्यातून मला बाहेर काढायची, दोरी मनगटाला बांधायची आणि त्या झाकणातून पाण्यात सूर मारावा तशी आत जायची. बाहेर नुसत्या टाचा दिसायच्या. आत आम्ही दोघं. ती आधी बोटांनी फळ्या चाचपायची, मऊ लागलेल्या फटीत कापूस ठासायची, बरगडीखालच्या भोकात काडी फिरवायची. ते भोक महत्त्वाचं बरं का! नाकात झिरपलेलं पाणी त्या भोकातून होडीच्या मध्यावर येतं, तेव्हाच ते उपसता येतं. शेवटी माझी पाळी. नटाला दीड फेरा, कधी पाऊण. डोलकाठी वर्षभर ताठ.

बाहेर मात्र वाहवा व्हायची ती रंगाची. "काय चकचकीत केलीय होडी!" लोक म्हणायचे आणि कप्तान मिशीला पीळ द्यायचा. ताई काजळी पुशीत घरी जायची. तिला त्याचं काही नसायचं. मला असायचं. मी तेव्हापासूनच जरा कडू आहे.

एका वर्षी धक्क्यावरचा रंगारी ब्रश झटकता झटकता बोलून गेला, "कप्तान, होडी तुझी खरी, पण तिचं नाक तुझ्या ताईच्या मुठीत!" सगळे खो खो हसले. ताईसुद्धा हसली. कप्तान हसला नाही.

पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या आदल्या दिवशी ताई दुसऱ्या कोणाच्या तरी सुकाणूच्या कामाला गेली होती. कप्तान तिच्या घरी आला, हत्यारांची पेटी उघडली आणि मला फडक्यातून उचलून खिशात घातलं. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं होतं त्याला की नट मीच आवळला, ताई कशाला हवी! विचार वाईट नव्हता, नुसता आखूड होता, त्याच्या हातासारखा. झाकणातून तो आत शिरला तेव्हा होडीने श्वास रोखला. माझी दोरी त्याच्या हाताला लागली. "मला कशाला दावं? मी काय बकरी आहे?" असं म्हणून त्याने ती उपटून फेकली.

नटापर्यंत त्याची बोटंच काय ती पोहोचली. मला कसाबसा नटावर टेकवला, पाव फेरा दिला आणि शिंक आली. मी सुटलो. टण्! पहिल्या बरगडीच्या पुढे, नाकाच्या पार तळाशी जाऊन पडलो. त्याने हात घातला, कोपर अडलं. काठी घातली, मी आणखी आत सरकलो. लोहचुंबक दोरीला बांधून सोडलं, ते वाटेतल्या पट्टीला चिकटलं आणि तिथेच संसार थाटून बसलं. शेवटी कप्तान घाम पुसत बाहेर निघाला. जाताना त्याने झाकण लावलं. मी अंधारात. मी म्हटलं, असू दे. उद्या सांगेल. ताई येईल, हात घालेल, दोन शिव्या देईल आणि मला उचलेल.

दुसऱ्या दिवशी सगळा धक्का जमला होता. ताईने पेटी उघडली. लाल फडकं रिकामं.

"धाकट्या, पाना नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"परवा मीच तेल लावून ठेवला होता. इथेच."

मित्रांनो, तेव्हा एक लाट येऊन परत जाईल इतका वेळ तो गप्प राहिला. तेवढ्या वेळात माणूस खरं बोलू शकतो. मी आतून वाट पाहत होतो. आणि मग त्याचा आवाज आला, चढलेला, चारचौघांना ऐकू जावा असा.

"बघा मंडळी! बाबांनी जन्मात एक वस्तू हिच्या हवाली केली, ती हिने घालवली. की लपवलीस, ताई? होडी माझ्या वाट्याला आली ते सलतंय ना तुला? माझी डोलकाठी पडावी म्हणूनच लपवलास ना पाना?"

"मी नाही लपवला," ताई म्हणाली. एवढंच. मग तिने होडीच्या नाकावर तळहात टेकला. फळीच्या त्या बाजूला तिचा हात, या बाजूला मी. मध्ये अंगठ्याएवढं लाकूड. मी ओरडलो. पण पान्याचं ओरडणं ऐकू यायला पाना कशावर तरी आपटावा लागतो, आणि होडी जमिनीवर उभी होती, जागची हलत नव्हती. ठीक आहे, मी मनात म्हटलं. कधीतरी पाण्यात उतरशीलच ना, कप्ताना?

त्या क्षणी मी डूख धरला. गंजेन, पण झिजून संपणार नाही. याच्याच हाताने बाहेर निघेन, आणि सगळ्या धक्क्यासमोर निघेन.

पुढे ताईचं काय झालं ते मला होडीत बसणाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं. भिंतींना कान असतात तसे फळ्यांनाही असतात. तिने घर उलथं केलं म्हणे. चुलीतली राखसुद्धा चाळली. "नवा पाना वाकवून आणते, पण नट आवळायलाच हवा," असं सांगायला आली, तर कप्तान म्हणाला, "तुझा हात पुन्हा माझ्या होडीला लागायचा नाही." लागला असता तर मी सापडलो असतो ना! त्याने झाकणावर बावीस खिळे ठोकले आणि वर रंगाऱ्याकडून एक हसरा सूर्य काढून घेतला. मग लोकही बोलू लागले, जिला बापाचा पाना सांभाळता आला नाही, तिच्या भरवशावर होडी कशी सोडायची? एकेक काम सुटलं. ज्या हातांना प्रत्येक होडीचं पोट पाठ होतं, ते हात लोकांच्या कपाटांना बिजागऱ्या बसवू लागले. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. "मीच कुठे तरी ठेवला असेन गं," असं ती भाचीला, कप्तानाच्याच मुलीला, म्हणायची. हे ऐकलं त्या दिवशी माझ्या अंगावर गंजाचा पहिला काटा आला.

आता माझी पाळी. होडी पाण्यात उतरली, पहिल्या वळणाला कलली आणि मी बरगडीवर आपटलो. टण्! कप्तानाच्या हातातलं सुकाणू थरथरलं. दुसरं वळण, टण्! बसलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं, "कसला आवाज हो?" कप्तान म्हणाला, "डोलकाठीची कडी." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वल्ही आपटतायत." एकदा तर म्हणाला, "तुमच्याच डब्यातला चमचा असेल!" आणि त्या बाईने डबा उघडून दाखवला, तर त्यात चमचाच नव्हता. शेवटी त्याने युक्ती काढली. होडी वळवायची वेळ आली की हा मोठमोठ्याने गाऊ लागायचा. गळा असा की समुद्रपक्षी वाट बदलायचे. लोकांना वाटलं, कप्तान भलताच आनंदी माणूस आहे. एकाने त्याला समारंभात गायलाही बोलावलं. तिथे कोणाच्या तरी हातून वाटी पडली, टण् झालं, आणि कप्तान बोलता बोलता उभा राहून गाऊ लागला. खोटं वाटत असेल तर त्या वाटीला विचारा.

पण नुसत्या आवाजाने माझा राग निवेना. एका वादळी दिवशी होडीने नाक उचललं तेव्हा मी सरकत सरकत बरगडीखालच्या त्या भोकाशी आलो आणि शेपूट आत घालून आडवा पडलो. घट्ट. भोक बंद. आता आवाज बंद झाला. कप्तानाला वाटलं, सुटलो! त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. इकडे नाकात झिरपलेलं पाणी मागे जाईना. थेंब थेंब साठत गेलं. बाहेरून दरवर्षी नवा रंग, आतून दरवर्षी आणखी एक फळी मऊ. सजवलेल्या होड्यांच्या स्पर्धेत आमच्या होडीला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक हसऱ्या सूर्याचं कौतुक करत होते आणि त्या सूर्याखाली मी कुजक्या पाण्यात दात विचकून पडलो होतो.

अशी साडेसात वर्षं गेली. साडेसाती म्हणतात ना, ती मी त्याला मोजून दिली.

कप्तानाची मुलगी म्हणजे ताईची ती भाची. ती मोठी झाली आणि सुकाणू धरू लागली. पोरगी आत्यावर गेलेली. तिला आठवड्यातच होडीचं दुखणं कळलं.

"बाबा, ही नाक खाली घालून चालते," ती म्हणाली. "आणि डोलकाठी वाऱ्यात मान हलवते. त्या सूर्याखाली काय आहे?"

"काही नाही. रिकामी जागा आहे."

"रिकाम्या जागेला बावीस खिळे?"

"तू लहान आहेस अजून."

"मी लहान असेन, पण बुडाले तर पूर्ण बुडेन. मी आत्याला आणते. ती बघेल."

"तिचा हात माझ्या होडीला..."

"होडी तुमची, जीव माझा," पोरगी म्हणाली आणि चालू लागली. कामं सुटल्यापासून आत्या राहायची डोंगरापलीकडे, जाऊन येऊन तीन-चार तासांची वाट.

ओहोटी होती. होडी धक्क्याशेजारी चिखलात बसली होती. पोरगी दिसेनाशी होताच कप्तानाने पक्कड आणली आणि बावीसच्या बावीस खिळे उपटले. हसरा सूर्य दुभंगला. आतून अशी घाण सुटली की कावळासुद्धा नाक मुरडेल. कप्तानाचा बेत सोपा होता. ताई यायच्या आत पाना काढायचा, समुद्रात लांब भिरकावायचा, आणि मग म्हणायचं, बघ बाई, काय बघायचंय ते.

त्याने हाताला खांद्यापर्यंत तेल चोपडलं आणि पोटावर पडून आत घुसला. साडेसात वर्षांत हात काही वाढला नव्हता, पण माझ्या कृपेने फळ्या मऊ झाल्या होत्या. त्याने खांदा दाबला तशी एक फळी पिचली, आणि तो वीतभर आणखी आत आला. चार बोटं माझ्यावर पडली. मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं.

"सापडलास, लेका," तो पुटपुटला.

मीही तेच म्हणालो.

त्याने मला खेचलं. माझी शेपूट भोकात पक्की रुतलेली. त्याने मनगट पिळलं, आणि त्याच क्षणी माझं वासलेलं तोंड त्याच्या घड्याळाच्या धातूच्या पट्ट्यात शिरलं. अकरा वेळा आगीतून काढलेलं तोंड आहे ते! मी पट्टा धरला तो धरला. तो ओढी तसा पट्टा रुते. हात पुढे जाईना, मागे येईना. पिचलेल्या फळीच्या फटीतून नाकातलं सगळं पाणी बाहेर चिखलात वाहून गेलं आणि उजेड आत आला. एक खेकडा आला, त्याने फटीतून कप्तानाकडे नीट पाहिलं आणि तिरका तिरका निघून गेला, बहुधा घरच्यांना बोलवायला.

मग भरती लागली. बाहेर गेलेल्या वाटेनेच पाणी आत येऊ लागलं. कप्तान ओरडला. धक्क्यावरची माणसं धावली, पण धक्क्यावरून दिसत होत्या त्या फक्त टाचा. रंगाऱ्याने त्या धरून ओढल्या, तर आतून अशी किंकाळी आली की त्याने घाबरून सोडल्या. होडी कापायला करवत आणायची की कुऱ्हाड, यावर वाद चालला होता तेवढ्यात पोरगी आत्याला घेऊन पोहोचली.

ताई म्हातारी झाली होती. केस पांढरे, पण हात तेवढेच लांब. ती होडीवर चढली, झाकणापाशी वाकली.

"धाकट्या, काय करतोयस?"

"काही नाही."

"मग हात काढ बाहेर."

"अडकलाय."

"कशात?"

मग कप्तान म्हणाला, "मासा आहे."

"होडीच्या आत?"

"मोठा आहे. त्याने धरलंय मला."

धक्क्यावर कोणीतरी फिसकन हसलं. ताई हसली नाही. तिने बाही वर सारली, त्याच्या खांद्याशेजारून आपला हात आत सोडला, पहिली बरगडी, कोपरात मोड, खाली. आणि तिची बोटं माझ्या मानेवर आली. मग कंबरेवर. तर्जनीवरचा तो जुना घट्टा मी अंधारात हजारांत ओळखला असता. तिचा हात थांबला. तिने माझी शेपूट चाचपली, त्यातलं भोक चाचपलं, तिथे दोरी नव्हती. मित्रांनो, तिला सगळं कळायला तेवढं पुरलं.

तिने हात बाहेर काढला आणि झाकणाशेजारी बैठक मारून बसली.

"काय आहे गं आत्या?" पोरीने विचारलं.

"मासा आहे म्हणतोय ना तो," ताई म्हणाली. "असेल."

"अगं, पाणी वाढतंय!"

"भरतीच आहे. वाढायचंच."

पाणी कप्तानाच्या छातीला लागलं. मग हनुवटीला. ताई पदराने हात पुसत स्वस्थ बसली होती. असा शांत राग मी भट्टीतसुद्धा पाहिला नव्हता.

"ताई!" आतून हाक आली.

"ओ."

"ताई, मासा नाहीये."

"बरं."

"ताई, मला काढ गं! पाणी कानात जातंय!"

"कान उघडे आहेत ना? मग ऐक. त्या दिवशी याच धक्क्यावर तू जेवढ्या मोठ्याने बोलला होतास, तेवढ्याच मोठ्याने बोल. पाना कुठे होता?"

कप्तान एक घोट पाणी प्यायला. मग तो ओरडला. होडीच्या पोटातून आवाज आला तो ढोलासारखा, साऱ्या धक्क्यावर घुमला. "पाना इथेच होता! मी चोरला! माझ्याच हातून पडला! ताईने काही केलं नाही!"

धक्क्यावरची जाळं विणणारी म्हातारी म्हणाली, "पुन्हा बोल रे, मला कमी ऐकू येतं." आणि त्याला पुन्हा बोलावं लागलं.

मग ताईचा हात आत आला. तिने मला डाव्या बाजूला एक हिसका दिला, जसा फक्त तिलाच देता येतो. मी पट्टा सोडला. तिच्यासाठी सोडला, त्याच्यासाठी नाही. कप्तान बुचासारखा बाहेर निघाला आणि हुंदके देत धक्क्यावर बसला. ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पाण्याने भरलेल्या त्या नाकात डोकं घालून उतरली, श्वास रोखला आणि मला नटावर बसवलं. पाव, अर्धा, एक, दोन, सव्वादोन फेरे! डोलकाठी वर कुरकुरली आणि ताठ झाली. काम आधी, भांडण मागाहून.

सूड गोड लागला. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी चार माणसांनी तिथल्या तिथे आपल्या होड्या ताईच्या हवाली केल्या आणि रंगाऱ्याने टोपी काढून माफी मागितली. पण दुसऱ्या दिवशी होडी वाळूवर ओढली आणि नाकाच्या फळ्या उपटल्या, तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी अंधारात दिसली नव्हती. पाच फळ्या आणि एक बरगडी पार भुसा झाल्या होत्या. ज्या बरगडीने मला साडेसात वर्षं मांडीवर घेतलं, तिला मीच कुजवलं होतं. होडीने माझं काय वाईट केलं होतं? आणि त्या होडीत रोज ती पोरगी बसत होती. डोलकाठी एखाद्या दिवशी पडली असती, तर ती कप्तानाला विचारून पडली नसती. सूड आंधळा असतो, मित्रांनो, त्याचा नेम आखूड हातासारखाच चुकतो. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

तुमच्याही घरात, होडीत, गाडीत अशी एखादी जागा असेल, जिथे हात पोहोचत नाही आणि पाहुण्यांची नजर जात नाही. तिच्यावर सूर्य रंगवू नका. वर्षातून एकदा पोटावर पडा, डोकं घाला, चाचपून पाहा. मऊ लागलं तर त्याच दिवशी बुजवा. हातून काही पडलं तर एक लाट परत जायच्या आत सांगून टाका. मग दुसऱ्याच्या पेटीत शोधायची वेळ येत नाही.

हल्ली दुरुस्तीच्या दिवशी आत कप्तान जातो. ताईची तशी अटच आहे. नव्या फळ्या लावताना तिने झाकण मोठं करून घेतलं, अगदी त्याच्या पोटाच्या मापाचं. ती वर स्टुलावर बसते आणि भाचीसह हुकूम सोडते, "डावीकडे. अजून. भोकात काडी फिरव. झोपलास का?" माझ्या शेपटीत नवी दोरी आहे. एक टोक माझ्या भोकात, दुसरं कप्तानाच्या मनगटाला. दोन गाठी, ताईने स्वतः मारलेल्या. घड्याळ त्याने कधीच काढून टाकलं.

नट मी मन लावून आवळतो. त्यात कसूर नाही. पण काम झालं की, वर्षातून एकदाच, मी मुद्दाम त्याच्या बोटांतून निसटतो. दोरी आहे, लांब जात नाही. नुसता बरगडीला स्पर्श करतो.

टण्.

आणि कप्तान आतल्या आत गाऊ लागतो.